ब्रेक दाबला की इंडिकेटर

जुनी गाडी हौसेने बाळगणाऱ्याला लोक दोनच प्रश्न विचारतात. ॲव्हरेज किती देते आणि काढणार कधी? माझी पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची, एमएच-०४ पासिंगची. इंजिनाबद्दल माझी तक्रार नाही. ते बिघडलं तर आवाज करतं, धूर सोडतं, गेला बाजार वास तरी देतं. वायरिंग मात्र आतल्या गाठीचं. सगळं करून सवरून नामानिराळं!

यंदा पावसाळा सरता सरता गाडीने नवंच थेर काढलं. ब्रेक दाबला की पुढचा उजवा इंडिकेटर मिणमिणायचा. पाचपाखाडीच्या एका गल्लीत रात्री समोरचा रिक्षावाला मी वळतोय असं समजून चक्क थांबला. इंडिकेटर बघून रिक्षा थांबल्याची ठाण्यातली ही बहुधा पहिलीच नोंद.

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं. वार्षिक सभेला न भरणारा कोरम बॉनेट उघडलं की पाच मिनिटांत भरतो. एकाने बॅटरी बदलायला सांगितली, दुसऱ्याने फ्लॅशर, तिसऱ्याने गाडीच. दुसऱ्या मजल्यावरचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. ते वाकले, मला दोनदा ब्रेक दाबायला लावला आणि म्हणाले, "न्यूट्रल सुटलाय."

हशा पिकला. "काका, न्यूट्रल गिअरमध्ये असतो!" कोणीतरी म्हणालं. काका पेपर काखेत मारून वर गेले.

मग वागळे इस्टेटजवळचा वायरमन आला. डॅशबोर्डखाली डोकं घालून त्याने तो सनातन प्रश्न विचारला, "साहेब, हे कोणी केलंय?" कंपनीच्या नकाशात प्रत्येक वायरला आपापला रंग असतो. माझ्या गाडीत सगळीकडे लालच लाल. कारण आजवरच्या एकाही कारागिराने जुनी वायर काढली नाही, प्रत्येकाने वरून आपली एक ओढली. कधीच गेलेल्या टेपरेकॉर्डरच्या वायरी अजून आत नांदतायत. एका जोडाला तर दवाखान्यातली चिकटपट्टी होती! ती सोलली तर आत तांब्याला हिरवी भुकटी धरलेली आणि पट्टीचा काळा डिंक नखात जाऊन बसला, तो रॉकेलनेच निघाला. वायरमनने फ्यूज बदलले, फ्लॅशर बदलला, स्वतःची एक लाल वायर टाकली आणि "आता बघू" म्हणून गेला. इंडिकेटर मिणमिणतच होता.

शेवटी मल्टीमीटर घेऊन मीच डिकीत शिरलो. गाडीत दिव्याला जाणारी वायर असते, परतीची बहुतेक ठिकाणी नसतेच. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा आणि तो बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला. ब्रेक दाबून ठेवायला मुलाला बसवलं. एक टोक मागच्या उजव्या दिव्याच्या होल्डरच्या पत्र्याला लावलं, दुसरं बॉडीच्या उघड्या लोखंडाला. इथे आकडा शून्याच्या आसपास हवा. आला सात-आठ व्होल्ट!

म्हणजे करंट दिव्यापर्यंत येत होता, पण त्याला परत जायला वाट नव्हती. तीन हात नाका तुंबला की रिक्षा नौपाड्याच्या गल्ल्यांत घुसतात, तसा तो शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा शिरून पुढच्या इंडिकेटरमार्गे बॉडी गाठत होता. वाटेत लागणारे दिवे अर्धेमुर्धे पेटवत.

आणि वाट अडवली कोणी? रंगाने. आधीच्या मालकाच्या पेंटरने डिकीचा आतला भागही असा देखणा रंगवला होता, की दिव्याचा होल्डर बॉडीला जोडणाऱ्या अर्थिंगच्या बोल्टखाली रंगाचाच थर. बोल्ट बिचारा कडेच्या चिमूटभर उघड्या पत्र्यावर तगून होता. पावसाळ्यात तिथे गंज चढला आणि संपलं. इतका मन लावून काम करणारा पेंटर हल्ली मिळत नाही, हे बरंच आहे. बोल्ट काढला, पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा चकचकीत घासली, बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली फासली. ब्रेक दाबला. मागे लालभडक दिवा, पुढे ठार काळोख.

आता हिशेब लावा. घरात न्यूट्रल म्हणजे विजेची परतीची वायर. तो सुटला तरी असंच होऊ शकतं, परतीची वाट तुटते आणि भलतंच काहीतरी पेटतं. काकांनी तो दोन ब्रेकांत ओळखला होता.

तेव्हापासून काका बॉनेटचा आवाज ऐकला की चहाचा कप घेऊनच खाली उतरतात. परवा हॉर्न बसला म्हणून वायरमनला फोन केला, तर तो आधी म्हणाला, "काकांना दाखवलं का?"