शोभेची बाग आणि स्वयंपाकघरातली कात्री

कागदावर बाग फार सुंदर दिसते. मी आखलेली तर विशेषच. पुढे वीतभर थाईमची किनार, तिच्यामागे बेसिलची शिस्तीत रांग, मधोमध रोझमेरी, कडेला गवती चहा आणि उरलेल्या कोपऱ्यात पुदिना. "शोभा ती शोभा, शिवाय खायलाही होईल," असं मी घरात ऐटीत जाहीर केलं. बायको म्हणाली, "बघू."

'कोपरा' म्हणजे काय हे पुदिन्याला कुणी समजावलं नसावं. वरून गरीब दिसतो, पण सगळा कारभार जमिनीखाली. आडव्या देठांनी सरपटत तो दोन महिन्यांत थाईमच्या उरावर बसला. उपटला, तर मातीत राहिलेल्या बोटभर तुकड्याच्या पेराला नवा कोंब. म्हणजे इतके दिवस मी उपटत नव्हतो, लावणी करत होतो! शेवटी बूड कापलेली बादली पुरून त्याला आत कोंडला. बादलीचा काठ मातीच्या थोडा वर ठेवायचा असतो, हे तो काठावरून बाहेर आल्यावर कळलं.

रोझमेरीचं उलटंच. तिला मी मायेने रोज पाणी पाजलं, तर मुळं कुजून गेलीच. दुसरी वाळू मिसळलेल्या उंचवट्यावर लावली आणि कंटाळून तिच्याकडे बघणं सोडलं, तर बाई तरारल्या. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी तिला साल्व्हिया या दुसऱ्या वनस्पती-प्रजातीत ढकलून तिचं शास्त्रीय नाव बदललं, तेव्हाही ती माझ्या पाण्यावर रुसली तितकी रुसली नसेल. कोथिंबिरीबद्दल न बोललेलं बरं. ऊन चढलं की पानं सोडून सरळ फुलांच्या मागे लागते.

पण खरी कीड घरातच होती. रोज संध्याकाळी कात्री घेऊन बायको यायची आणि बेसिलचं पहिलंच रोप छाटायची, कारण ते दाराशी. रांगेचा पुढचा दात पडल्यासारखं दिसायचं.

"अगं, मागचं घे ना!"

"अहो, चिखलात कोण उतरणार?"

मागच्या रोपांना मी हात लावू दिला नाही. ती ताडमाड वाढली, फुलली आणि पानं राठ होऊन खाली वाकली. दाराशी मात्र, पानांच्या जोडीवर शेंडा खुडला की खालून दोन फांद्या फुटतात, त्या खुडल्या की चार.

परवा पाहुणे आले ते त्याच रोपापाशी थबकले. "वा! इतकं भरगच्च कसं केलंत?"

"रोज लक्ष द्यावं लागतं," मी म्हणालो.

आत कुणीतरी कात्री जरा जोरातच ओट्यावर ठेवली.