बॉल जॉइंट घरच्या घरी बदलू इच्छिणाऱ्या सुज्ञांस

जुन्या मारुती ओम्नी व्हॅनचे पुढचे चाक खड्ड्यात गेले की खालून जो 'खट्' असा आवाज येतो, तो गाडीचा नसून रस्त्याचा आहे असे समजणे, ही सुज्ञपणाची पहिली पायरी होय. गोव्यात पावसाळ्यानंतर रस्त्याच्या नावाने बोटे मोडण्याइतके सोपे काही नसते. रायबंदर-चोडण फेरीबोटीवर चढताना तोच आवाज आला, तर धक्का जुना झाला म्हणावे. चोर्ला घाटाच्या वळणावर आला, तर मागे बसलेल्या सासूबाईंच्या पिशवीतला डबा म्हणावे. काही अतिउत्साही मंडळी चाक जॅकवर उचलतात, घड्याळातील बारा आणि सहाच्या जागी धरून ते हलवतात आणि दुसऱ्याला टॉर्च घेऊन ढिलाई नेमकी कुठे आहे ते पाहायला सांगतात, कारण चाकाचे बेअरिंग गेले असले तरी चाक असेच डुगडुगते. आपण या भानगडीत पडू नये. आवाज वाढला तर रेडिओ वाढवावा.

बॉल जॉइंट ही वस्तू तरी केवढीशी! चाकाला गाडीखालच्या लोखंडी हाताशी, म्हणजे आर्मशी, जोडणारी, वाटीत बसलेली पोलादी गोळी, तिचा निमुळता दांडा, आत ग्रीस आणि वर रबराचा बूट. तो बूट एकदा फाटला, की पावसाचे पाणी लाल मातीसह आत शिरते, ग्रीस जाते आणि गोळी व वाटी एकमेकींना खाऊ लागतात. शेवटी गोळी वाटीतून निसटली तर चाक आडवे होते आणि गाडी नाकावर बसते. ओम्नीत चालक जवळजवळ पुढच्या चाकावरच बसलेला असल्याने, ही बातमी त्याला सर्वांआधी कळते, एवढी सोय कंपनीने 1984 पासूनच करून ठेवली होती. बूट पाहायला मात्र गुडघे टेकून वाकावे लागते. त्यापेक्षा बंपरला लिंबू-मिरची बांधणे सोयीचे.

तरीही आपण काम हाती घेतलेच, तर उचललेली गाडी पेलून धरणाऱ्या जॅकस्टँडवर पैसे घालवू नयेत. घरामागे कुंपणासाठी आणलेले जांभ्याचे चिरे पडलेलेच असतात. ज्या चिऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या घरे उभी राहिली, तो एका व्हॅनचे नाक पेलणार नाही असे म्हणणारा माणूस गोमंतकीय नव्हेच! भिंतीत वजन साऱ्या चिऱ्यांवर पसरते आणि गाडीखाली ते चॅसीच्या, म्हणजे सांगाड्याच्या, एका कडेवर एकवटते, हा भेद चिरा फुटेपर्यंत ध्यानात घेण्याचे कारण नाही. मागच्या चाकांना अटकाव लावणे हाही भित्रेपणाच. जॅक शक्यतो ओल्या अंगणातच लावावा. तो मातीत रुतू लागला, की गाडीचे नाक आपोआप आपल्या छातीच्या जवळ येते आणि काम स्पष्ट दिसते.

खरी मौज दांडा सोडवताना आहे. नट फिरू नये म्हणून त्यात अडकवलेली आणि खाऱ्या हवेने गंजलेली स्प्लिट पिन कशीबशी निघते, खाचांचा नटही फिरतो, पण दांडा हलत नाही, कारण तो तितक्याच निमुळत्या भोकात घट्ट रुतून बसलेला असतो. अशा वेळी नट पूर्ण काढून दांड्याच्या टोकावरच घण घालावा, म्हणजे आटे चेपून ते टोक चवथीच्या दिवसांतल्या अळम्यासारखे, म्हणजे रानातल्या भूछत्रासारखे, पसरेल आणि भोकातून बाहेर येण्याचा प्रश्नच मिटेल. अनुभवी मेस्त, म्हणजे मेकॅनिक, असे करीत नाही. तो नट दोन-चार आट्यांवर तसाच ठेवतो, दांड्याला हातही लावत नाही आणि भोकाभोवतीच्या लोखंडाला बाजूने हातोड्याचे दोन नेमके ठोके देतो. त्या हादऱ्याने भोकाची पकड क्षणभर ढिली पडते, 'टक्' असा आवाज येतो आणि आर्म खाली कोसळण्याऐवजी नटावर अडकून राहतो. इतके साधे काम करून तो पैसे कसे मागतो, हा विचार आपण घण घालता घालता करावा. काही मोठ्या व्हॅनमध्ये दाबलेली स्प्रिंग खालच्या आर्मवरच टेकलेली असते. तिथे आर्मखालचा जॅक काढून नट सोडणाऱ्याला पुढच्या पायऱ्या वाचण्याची गरज उरत नाही.

सुटलेले चाकाचे धूड ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवावे. नवा जॉइंट आर्ममध्ये दाबून बसवायचा आहे, बोल्टने आवळायचा आहे की अख्खा आर्मच बदलायचा आहे, हे म्हापशाहून भाग आणल्यानंतरच पाहावे, म्हणजे म्हापशाला पुन्हा जाणे होते. दाबून बसवायचा असल्यास प्रेस न शोधता सरळ गोळीच्या दांड्यावर ठोकावे. नवा भाग जुन्याइतकाच ढिला करण्याचा याहून जलद उपाय नाही. दुसऱ्या बाजूचा जॉइंट त्याच वयाचा आहे आणि त्याच चिखलातून आला आहे, म्हणून त्याच्याकडे पाहूही नये.

नट आवळताना ठरावीक जोरानेच आवळणारा टॉर्क पाना ही शहरी चैन समजावी. खाच आणि दांड्याचे भोक समोरासमोर येत नसेल, तर पुढच्या खाचेपर्यंत थोडे अधिक आवळण्याऐवजी नट मागे फिरवून सैल करावा. नवी स्प्लिट पिन पाच-दहा रुपयांची असली तरी उधळपट्टी ती उधळपट्टीच. कुंपणाची तार आहे ना!

राहता राहिली व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा जुळवून घेणे. तिचे पैसे वाचवल्याने स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागले, तर तो गाडीचा स्वभाव म्हणावा, आणि टायरची आतली कड झिजून तारा डोकावू लागल्या तरी घाबरू नये. बाहेरची कड तोवर शाबूत असते, तेव्हा गाडी विकायला काढताना टायरचे फोटो त्याच बाजूने घ्यावेत.