सेफिरोथ शेफारलेला नाही: एक खुलासा

‘फायनल फँटसी ७’ या जपानी गेममधल्या खलनायकाचं, सेफिरोथचं, नाव आपल्या मराठवाड्यातून गेलं, असा मेसेज संभाजीनगर-जालन्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. म्हणे, अजिंठ्याला आलेल्या एका जपानी पाहुण्यानं फर्दापुरात एका माउलीला ओरडताना ऐकलं, ‘लईच शेफारलंय लेकरू, ओठ बघा कसे फुगवलेत!’ झालं! शेफार अधिक ओठ, शेफारोठ.

गंमत म्हणून झकास आहे, मी पोट धरून हसलो. पण आता पोरं ती खरी माहिती म्हणून सांगायला लागलीत, म्हणून लिहितोय.

नाव हिब्रू आहे. ज्यूंच्या कब्बाला या गूढ परंपरेत ईश्वरी शक्तीची १० रूपं मानतात, त्यांना ‘सेफिरोत’ म्हणतात. १९९७ साली आलेल्या या गेममधलं नाव तिथलं. आणि ‘ओठ’ तर साफ गळून पडतो, कारण जपानीत ‘थ’ नाहीच. तिकडं या पात्राला ‘सेफिरोसु’ म्हणतात.

अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी जपाननं कर्ज दिलं, जपानी पर्यटक लेणी बघायला येतात, हे खरं. त्यामुळंच थाप चटकन पटते.

शिवाय शेफारायला आधी कुणी लाड करावे लागतात. सेफिरोथला आई भेटलीच नाही. नावाजलेला सैनिक तो. आपण प्रयोगशाळेतल्या प्रयोगातून जन्मलो, हे जुन्या कागदांत वाचून बिथरतो आणि निबेलहाइम गाव पेटवून देतो.