एका फोटोला दोन बांगडे

आमच्या फ्रीजच्या दारात, अंड्यांच्या वरच्या कप्प्यात, एक छोटं पिवळं खोकं असतं आणि त्याला हात लावायचा नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पाहुणे पाण्याची बाटली घ्यायला फ्रीज उघडतात, खोकं बघतात आणि हळू आवाजात विचारतात, इन्सुलिन का हो? मग आई ओट्याकडूनच ओरडून सांगते, "नाही हो, ते ह्याचं फोटोचं. अकराशे ऐंशी रुपये!" तिला त्याचं नाव माहीत नाही असं नाही, पण तिला वाटतं किंमत सांगितली की बाकी काही सांगायला नको.

तर मी फिल्मच्या रोलवर फोटो काढतो. गोव्यातल्या आमच्या फोंड्यात हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी "म्हणजे?" म्हणतो, मग "अजून मिळतो?" म्हणतो आणि मग "पण का?" म्हणतो, आणि या तिसऱ्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. कॅमेरा बाबांचा, पेन्टॅक्स के-१०००, काकांनी १९८६ साली कुवेतहून आणलेला, हातात घेतला तर वरवंटा. वर्षानुवर्षं कपाटात पडून होता, मी एका रविवारी काढला, पुसला, डोळ्याला लावला, बटण दाबलं, खटॅक असा आवाज आला आणि मी कामातून गेलो.

बाबांच्या वेळी रोल म्हणजे साबण-काडेपेटीसारखी गोष्ट होती हो. शंभर-सव्वाशेला रंगीत रोल, स्टेशनरीच्या दुकानात मिळायचा, औषधांच्या दुकानात मिळायचा, कळंगुटला तर टोप्या आणि प्लास्टिकच्या चेंडूंच्या शेजारी टांगलेला असायचा. त्याच्या आधी ब्लॅक अँड व्हाइट होतं तेव्हा आपला सरकारी रोलसुद्धा यायचा, इंदू नावाचा, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा, १९६० साली निघालेली कंपनी, आता बंद आहे. बाबा अजून कधीतरी सुस्कारा टाकून "आमची इंदू" म्हणतात आणि आई दर वेळी मान वर करून बघते.

पण वाड्यावर बाबांची खरी कीर्ती होती ती ३८ची. रोल ३६ फोटोंचा, पण बाबा चादरीखाली घुसून काळोखात रोल भरायचे म्हणजे सुरुवातीची पट्टी उजेडात फुकट जायची नाही, आणि शेवटी फिल्म पुढे सरकवायची लिव्हर अशी हळूहळू ओढायचे, जशी काय अडलेली गाय गोठ्यात आणतायत, की ३७ आणि ३८ निघालेच पाहिजेत. लग्नात दुसरा कुणी कॅमेरेवाला भेटला की बाबा कॅमेऱ्याचं नाव विचारायचे नाहीत, विचारायचे, "तुमचे किती निघतात?"

मला पहिला रोल हवा होता तेव्हा मी आमच्या ओळखीच्या स्टुडिओत गेलो. तिथे आता पासपोर्ट फोटो निघतात आणि मगावर बारशाचे फोटो छापून मिळतात. मालक म्हणाला, "रोल? आतां खंय रे मेळटा रोल?" मग त्यालाच वाईट वाटलं असणार, शोकेसच्या कोपऱ्यातून एक काढून दिला, खोकं पिवळ्याचं पांढरं झालेलं, एक्स्पायरी २००९. फुकट. मग कळलं की पणजीत फोन्तेन्हासला एके ठिकाणी रोल आहेत. गेलो स्कूटर मारत. कॅफे निघाला. भिंतीवर जुने कॅमेरे, काचेच्या बरणीत रंगीबेरंगी रोलांची खोकी, सगळी रिकामी, शोभेची. गेलोच आहे तर म्हणून २८० रुपयांची कॉफी पिऊन आलो.

म्हणजे शेवटी मुंबई. फोर्टातल्या बोरा बाजारातल्या एका दुकानाचा नंबर मिळाला, परवा भाव विचारला होता, आज परत फोन लावला.
"गोव्याहून बोलताय? मजा आहे बुवा तुमची!"
म्हटलं हो, मजाच आहे, रोल केवढ्याला?
"अकराशे ऐंशी."
"परवा तर साडेदहाशे म्हणालात!"
"परवा होता. आज अकराशे ऐंशी आहे. उद्याचं विचारू नका."
आमची मासे विकणारी नुस्तेकान्नसुद्धा भाव सांगताना जरा माझ्या चेहऱ्याकडे बघते. याने तेवढंही केलं नाही, फोनवर बघणार तरी कसा म्हणा.

एवढा भाव का, तर फिल्म बनवणं म्हणजे पापड लाटणं नव्हे की आज चार जास्त लाटले. जिलेटिनमध्ये चांदीच्या क्षारांचे बारीक कण, ते मिश्रण प्लास्टिकच्या पट्ट्यावर थरावर थर चढवायचं, रंगीत असेल तर थर आणखी वाढतात, आणि हे सगळं काळोखात. मशीन एकदा चालू झालं की चारेक फूट रुंद आणि किलोमीटरभर लांब पट्टा बाहेर पडणार, त्यामुळे थोडंसंच करून बघूया हे तिथे चालत नाही. लोक डिजिटलकडे गेले तसे कारखाने मिटत गेले, आग्फाफोटोचं दिवाळं २००५ला वाजलं, कोनिका मिनोल्टाने २००६ला फोटोचा गाशा गुंडाळायचं जाहीर केलं, कोडॅकने २०१२च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज दिला. आणि मग पोरांना अचानक रोलचे फोटो परत आवडायला लागले, तर रंगीत फिल्म दणकून बनवू शकणारे उरले एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यावर जहाज, कस्टम, जीएसटी, वितरक, दुकानदार, प्रत्येकाचा हात लागत लागत ते खोकं आमच्या फ्रीजपर्यंत येतं.

यातला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे कोडॅकचा रोल बनतो अमेरिकेत रॉचेस्टरला, पण दिवाळखोरीनंतर २०१३ला तो विकायचा धंदा गेला कोडॅक अलारिस या वेगळ्याच कंपनीकडे, आणि तिचा मालक कोण, तर कोडॅकच्या इंग्लंडमधल्या कामगारांचा पेन्शन फंड! पुढे मालकी बदलली, पण बाबांना मी एवढंच सांगितलं. बाबा स्वतः गोवा सरकारचे पेन्शनर, डीए वाढला की नाही एवढंच पेपरात बघणारे, त्यांना इतका आनंद झाला की संध्याकाळी देवळात चार मित्रांना सांगून आले, पेन्शनरांची कंपनी आहे म्हणून, आणि त्या दिवसापासून रोल महाग झाला की म्हणतात, "वाढवू देत रे, म्हाताऱ्यांचे औषधपाण्याचे खर्च असतात."

रोल ठरला तरी तो गोव्यात आणायचा कसा. पहिल्यांदा कुरिअरने मागवला, अकरा दिवस लागले, आणि ते अकरा दिवस तो कुठल्या तापलेल्या गोदामात भाजत होता देव जाणे, फिल्मला उष्णता म्हणजे विष. तेव्हापासून रात्रीच्या स्लीपर बसच्या ड्रायव्हरकडे द्यायचं ठरलं. आपल्याकडे निम्मं जग असंच चालतं. पणजीच्या स्टँडवर पहाटे साडेपाचला जाऊन बघा, मुंबईच्या बसची वाट बघत पाच-सहा माणसं उभी असतातच, कुणाचा मोटारचा पार्ट यायचा असतो, कुणाचं औषध, कुणाच्या बहिणीने पाठवलेला चिवडा. श्रावणाचे दिवस, पाऊस असा आडवा की छत्री असून नसल्यासारखी. बस सहा वाजून दहा मिनिटांनी आली, ड्रायव्हरने डिकी उघडली आणि ओरडला, "फोटोवाला कोण?"

दुकानदाराने त्या एवढ्याशा रोलाला इतका पेपर आणि इतकी टेप गुंडाळली होती की नारळाएवढा गोळा झालेला. ड्रायव्हरने तो हातावर झेलून बघितला.
"हलका लागतो. काय आहे आत?"
"फोटोचा रोल."
"केवढ्याचा?"
सांगितलं.
"आयला! सोनं आहे काय आत?"
"चांदी," मी म्हटलं. खोटं काहीच नव्हतं. पण नको होतं बोलायला, कारण १०० ठरलेले असताना त्याने तिथल्या तिथे १५० मागितले, घासाघीस करून १००वर आणले खरे, पण अजून तो मला चांदीवाला म्हणतो आणि दर फेरीला १५०पासूनच सुरुवात करतो.

घरी येऊन रोल फ्रीजमध्ये. श्रावण असल्यामुळे मासे नव्हते, फ्रीज कसा सोवळ्यातला, आईने नैवेद्याचं दूध त्याच कप्प्यात ठेवलेलं. आता फिल्ममधलं जिलेटिन हे जनावरांची हाडं आणि कातडी उकळून काढतात. हे मी आईला आजपर्यंत सांगितलेलं नाही आणि हा लेखही ती वाचणार नाही अशी आशा आहे.

मग हिशेब. रोल ११८०, ड्रायव्हर १००, रोल मुंबईला धुवायला, म्हणजे त्यावरचे फोटो उमटवायला, पाठवायचं कुरिअर ९०, धुणं आणि स्कॅन ५५०. झाले १९२०. भागिले ३६, म्हणजे एका फोटोला ५३ रुपये आणि वर काही पैसे. आईने ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे एका फोटोला दोन बांगडे." बाबा म्हणाले, "३८ काढलेस तर साडेपन्नास पडतो." (घरी धुवून पैसे वाचवायचा प्रयोग मी ब्लॅक अँड व्हाइटवर केला होता एकदा, केमिकल २० डिग्रीला हवं असतं, आमच्या नळाला पाणी तिशीचं, मग मासळी मार्केटातून बर्फ आणला. फोटो बरे आले. बाथरूमला चार दिवस सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, वास होता, तो प्रयोग तिथेच संपला.)

दोन बांगडे डोक्यात बसले की माणूस फोटो काढू शकत नाही. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटोळी बांधली, कवंडाळं, नारळाची पेंड, सुपारीचे घोस, तोरिंगण, सगळं कसं हिरवंगार, आणि मी खाली उभा राहून उजेडाचा मीटर बघतोय, या बाजूने की त्या बाजूने, खिडकी बंद करू की उघडी ठेवू, तोवर आरती संपून लोक प्रसाद घेऊन गेलेसुद्धा. भाच्याने तेवढ्यात मोबाइलवर चारशे काढले, त्यात साठ तर फक्त नेवऱ्यांचे. माझा एक. आणि नातेवाईक काय गप्प बसतात? "अरे तुझ्या त्या जुन्या कॅमेऱ्यात काढ ना एक आमचा!" काकू पदर सारखा करून उभी. नाही कसं म्हणणार, म्हणून मी एक युक्ती काढली, लिव्हर न ओढता नुसतं बटण दाबायचं आणि खटॅक हा आवाज तोंडाने काढायचा. फार छान जमायला लागला होता. पण काकूची स्मरणशक्ती दांडगी, दिवाळीला विचारते माझा माटोळीखालचा फोटो कुठाय, शिगम्याला विचारते, म्हटलं धुवायला दिलाय. अजून धुतायत?

असा तो रोल चतुर्थीला भरलेला, नरकासुराला दोन, जत्रेला तीन, शिगम्याला चार, असा गुंजागुंजाने खर्च होत मे महिन्यात आला ३६वर. शेवटचा बाबांचा काढला, अंगणात हाताला तेल लावून फणस फोडत होते.
"संपला," मी म्हटलं.
"ओढ."
"३६ झाले बाबा."
"माझा कॅमेरा आहे, मला शिकवू नकोस. ओढ."
ओढली. लिव्हर अडली. बाबा तेलकट हातांनी उठून आले, "अशी नाही, हळू, हळू," आणि आम्ही दोघांनी मिळून ओढली आणि आत कुठेतरी कट् असं वाजलं आणि लिव्हर एकदम लोण्यासारखी फिरली. बाबांचा चेहरा खुलला, म्हणाले बघ, आला ३७! मी उलट गुंडाळायची चावी फिरवून बघितली तर ती नुसतीच गरगर. रोल डबीतल्या दांड्यावरून उपटून आला होता. आता फिल्म सगळी कॅमेऱ्याच्या पोटात मोकळी, आणि मागचं दार उघडलं की १९२० रुपये, नऊ महिने आणि एक माटोळी उजेडात.

काळोखी खोली म्हणाल तर आमचं घर नळ्यांचं, म्हणजे कौलारू, प्रत्येक फटीतून ऊन. शेवटी पलंगावर बसलो, डोक्यावरून तीन गोधड्या घेतल्या, बाबांनी एका बाजूने आणि आईने दुसऱ्या बाजूने अंतरपाटासारखं धरून कडा दाबल्या, आणि अर्थातच त्याच वेळी लाइट गेली, म्हणजे पंखा बंद. मे महिना, दुपारचे दोन, तीन गोधड्या. घाम नाकावरून कॅमेऱ्यात पडतोय, मी आंधळ्यासारखा फिल्म सोडवतोय, सोडवली, घट्ट गुंडाळली, आणि मग आठवलं की ती ठेवायला उजेड न शिरणारी डबी पाहिजे.

"आई, ती काळी डबी दे, रोल यायचा ती, करड्या झाकणाची!"
बाहेर शांतता.
"आई?"
"ती देवघरात आहे रे," आई म्हणाली. "तिच्यात कुंकू घातलंय."
तिचंही चुकलं नाही, आमच्याकडे दोन पिढ्या त्या डब्यांतून हळद-कुंकू, हिंग आणि प्रवासाला कापूर गेलाय.
"ओत आणि दे!"
आईने कुंकू वाटीत ओतलं, पदराने आतून पुसलं असं ती म्हणते, आणि बाबांनी डोळे घट्ट मिटून, त्यांनी का मिटले कुणास ठाऊक, गोधडीखालून डबी आत सरकवली.

तीन आठवड्यांनी मुंबईहून लॅबच्या पोराचा फोन. आवाज जरा घाबरल्यासारखाच.
"सर, तुमचा रोल पाण्यात घातला तर पाणी लाल झालं. मी दहा वेळा बदललं. एक विचारू का, रोलची पूजा वगैरे केली होती का तुम्ही?"
मी काही बोलणार एवढ्यात मागून बाबा म्हणाले, "ते राहू दे, त्याला विचार, किती निघाले?"