मिलिटरी पोलिसांची ड्युटी आरामाची नसते

‘लढायची हिंमत नसलेले जवान मिलिटरी पोलिसात जातात. दंडाला पट्टी बांधायची, गेटवर उभं राहायचं, आपल्याच लोकांना पकडायचं. त्यात शिकण्यासारखं काय आहे?’ अशा अर्थाचा मेसेज बराच फिरतोय. वाचून संताप आला, म्हणून हे उत्तर.

गेटवरची ड्युटी सुरक्षित? 31 जानेवारी 1968 च्या पहाटे व्हिएतनाममधल्या सायगावच्या अमेरिकी वकिलातीवर हल्ला झाला, तेव्हा पहिल्या गोळ्या फाटकावरच्या दोन मिलिटरी पोलिसांनी झेलल्या. त्यांनी उलट गोळीबार केला, फाटक लावून घेतलं. दोघेही मारले गेले. तिथे मरण पावलेल्या पाच अमेरिकी सैनिकांपैकी चार मिलिटरी पोलीस होते. जून 2003 मध्ये इराकच्या मजर अल-कबीरमध्ये सहा ब्रिटिश मिलिटरी पोलीस जमावाच्या हल्ल्यात गेले. ते स्थानिक पोलीस ठाण्यात कामासाठी गेले होते.

आपल्याच लोकांना पकडणं हे कामाचं फक्त एक अंग. वाहतूक सांभाळणं हे दुसरं. 1944 मध्ये फ्रान्समध्ये आघाडीकडे रसद नेणाऱ्या ट्रकांसाठी जाण्या-येण्याचे रस्ते वेगळे राखले होते. चौकाचौकांत मिलिटरी पोलीस उभे होते म्हणून ते ताफे अडले नाहीत. शिवाय युद्धकैद्यांचा ताबा बहुतेक सैन्यांत यांच्याकडेच असतो.

आणि आपल्यातलाच गुन्हेगार असेल, तर त्याला पकडायचं नाही का? इराकमध्ये अमेरिकी सैन्याच्या ताब्यातल्या अबू घरेब तुरुंगात झालेल्या कैद्यांच्या छळाचे फोटो जानेवारी 2004 मध्ये तपासयंत्रणेकडे देणारा जोसेफ डार्बी स्वतः तिथल्याच मिलिटरी पोलीस कंपनीतला होता. त्याला गद्दार म्हणणारे तेव्हाही होते. मला तरी त्याच्याइतकं धैर्य क्वचितच दिसतं.

‘शिकण्यासारखं काय’ हा दावा सगळ्यात घातक, कारण त्याचं उत्तरही अबू घरेबमध्येच आहे. छळ करणारे काही जण मिलिटरी पोलीसच होते. त्यांचा गुन्हा त्यांचाच. पण सैन्याच्या चौकशी अहवालात हेही नोंदलं गेलं, की त्या तुकड्यांना कैदी सांभाळण्याचं पुरेसं प्रशिक्षण नव्हतं. अपुरी माणसं, गोंधळलेली हुकूमसाखळी, आणि चौकशी करणाऱ्यांसाठी कैद्यांना ‘तयार’ ठेवण्याचा दबाव. दुसऱ्या ड्युटीवरून उचलून जवानाला कैद्यांपुढे उभं करायचं असेल, तर आधी त्याला झडती कशी घ्यायची, बळ किती वापरायचं, नोंद काय ठेवायची आणि कोणता हुकूम पाळायचा नाही, एवढं शिकवावंच लागतं.