एचआयव्ही तपासणीबद्दल फिरणारा तो मेसेज चुकीचा आहे

नागपुरातल्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'एचआयव्ही वर्षभर रक्तात दिसत नाही, त्याआधीच्या निगेटिव्ह रिपोर्टला काही अर्थ नाही.' हे खरं नाही. कृपया पुढे पाठवू नका.

मी समुपदेशनाचं काम करते. परवा एक मुलगा आला. खिशात तीन रिपोर्ट, घड्या घालून घालून कागद फाटायला आलेले. तिन्ही निगेटिव्ह, शेवटचा पाचव्या महिन्यातला. तरी मेसेज वाचून त्याची झोप उडाली, वजन उतरलं, आणि ते उतरलेलं वजनच त्याला आजाराचं लक्षण वाटू लागलं. जीव तुटला माझा.

सुरुवातीचे काही दिवस तपासणीत संसर्ग दिसत नाही, एवढंच खरं. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणारी अँटिजन-अँटिबॉडी तपासणी साधारण १८ ते ४५ दिवसांत संसर्ग पकडते. बोटातल्या रक्ताच्या अँटिबॉडी तपासणीला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. मधे संसर्गाचा नवा धोका झाला नसेल आणि प्रतिबंधक गोळ्या घेतल्या नसतील, तर तीन महिन्यांनंतरच्या निगेटिव्ह रिपोर्टवर विश्वास ठेवा. पॉझिटिव्हही एकाच किटवर ठरवत नाहीत.

धोका नुकताच झाला असेल तर मात्र थांबू नका. ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर, पेपच्या, म्हणजे धोक्यानंतर संसर्ग रोखण्यासाठीच्या गोळ्या सुरू कराव्या लागतात. त्या २८ दिवस घ्यायच्या. मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत जा. तिथल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, तपासणी मोफत होते, नाव गुप्त राहतं. बोलायचं असेल तर १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा नंबर आहे.

मेसेज आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.