बिगिनर

परवा कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटर क्लासात माझ्या निम्म्या वयाच्या पोरानं मला तोंडावर सांगितलं, "तुम्ही बिगिनर." वर हसला पण.

अठरा वर्षं लक्ष्मीपुरीतल्या एका एजन्सीत मी एक्सेल बडवतोय, व्हीलुकअप झोपेत लावतो. पण मालकांच्या कानात कुणीतरी फुंकलं की आता सगळा हिशोब अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे नोंदींची टेबलं जोडून ठेवायच्या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिजे, आणि मालक म्हणाले तुम्हीच शिकून या. फी? ती पण तुम्हीच भरा, ज्ञान तुमच्याजवळच राहणार की. घ्या.

क्लासात आधी टेस्ट. बिगिनरला टेबल आणि साधी क्वेरी, मधल्या बॅचला रिलेशनशिप, फॉर्म, रिपोर्ट, आणि वरच्यांना मॅक्रो, व्हीबीए असलं काय काय. मला म्हणाले ग्राहकांचं टेबल काढा. मी झोकात काढलं: नाव, पत्ता, फोन1, फोन2, फोन3. सर (सरच म्हणायचं, काय करता) म्हणाले, एखाद्याचा चौथा फोन आला तर? म्हटलं, फोन4. नॉर्मल फॉर्म म्हणजे टेबल मांडायचे नियम, त्यातल्या पहिल्यालाच आमची दांडी गुल.

इथपर्यंत ठीक होतं, एकट्यात झालं असतं तर गिळलं असतं. पण शेजारच्या खुर्चीवर एक काका बसलेले. पांढरा लेंगा, टोपी, करकर वाजणाऱ्या चपला. पंचगंगेकाठच्या गावचे, दूध संस्थेत तीस वर्षं सेक्रेटरी. क्लास त्यांना लावायचाच नव्हता, नातवाचं अ‍ॅडमिशन करायला आलेले. नातू मोबाइलमध्ये मान घालून बसलेला आणि काका माझ्या स्क्रीनमध्ये.

सरांनी मला विचारलं, "प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंद वेगळी ओळखायची खूण, कशाला ठेवाल?" मी म्हटलं, नावाला.

काका खो खो हसले. "पावणं, आमच्या गावात एकाच नावाचं चार पाटील हायती. एक म्हशीवाला, एक बुलेटवाला, एक दुबईवाला, आन एक नुसताच. दूध कुणाच्या नावावर घालायचं? सभासद नंबर पायजे."

सरांचे डोळे चमकले. मला सोडून त्यांनी खुर्चीच काकांकडं वळवली. "आणि काका, सभासद गेला तर त्याचा नंबर नव्या माणसाला देता?"

"छ्या! मेलेल्याचा नंबर जित्याला देत्यात व्हय? जुन्या वहीत घोळ नाही का व्हायचा!"

"ऑटोनंबर!" सर जवळजवळ ओरडलेच. "आपोआप पडतो तो नंबर. मधला डिलीट केला की परत येत नाही."

मग काय, दोघांचं असं जुळलं की मी मधे बसलेला दिसेचना. एक सभासद, सकाळ-संध्याकाळ दूध, म्हणजे त्याच्या एका ओळीखाली फॅट-एसएनएफच्या (दुधाची प्रत मोजायचे आकडे) शेकडो ओळी, हे वन-टू-मेनी. नंबर नसलेल्याचं दूध मापातच घ्यायचं नाही. ही रेफरेन्शियल इंटिग्रिटी. शेवटी सरांनी हुकमाचा एक्का टाकला, कॅस्केड डिलीट. म्हणजे सभासद उडवला की त्याच्या सगळ्या नोंदी आपोआप साफ.

काका दोन मिनिटं गप्प. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हातारा गेला म्हणून त्यानं वर्षभर घातल्यालं दूध सांडलं म्हणायचं? दिवाळीला दर फरक त्याच्या म्हातारीला कशावर काढून देणार? कुठल्या शाण्यानं केलंय हे?"

सर म्हणाले, ती टिकमार्क आपली आपणच लावायची असते, नाही लावली तर चालतंय.

"मग लावू नगा," काकांनी विषय संपवला. आणि मला म्हणाले, "तुमी तर लावूच नगा."

हे ते तुमीऽऽ असं लांबवून म्हणाले. अजून कानात आहे.

घरी येताना मला आपलं वाटत होतं की ह्या राजारामपुरीलाच बघा ना, पहिली गल्ली, दुसरी गल्ली, नंबर सांगितला की माणूस दारात. आणि आमच्या पेठेत पत्ता म्हणजे तालमीच्या मागं, ज्याच्या दारात काळं कुत्रं असतंय त्याच्या वरती. कुत्रं मेलं की पत्ता गेला. असल्या पेठेत वाढलेल्या माणसानं प्रायमरी की नावाला ठेवली तर त्यात हसण्यासारखं काय? हे मला तिथल्या तिथं सुचलं असतं तर! पण नाही. सुचतं ते सायबर चौकात, सिग्नलला.

आणि हे अ‍ॅक्सेस काही कालचं नाही, 1992 सालचं आहे. एवढी वर्षं माझ्याच एक्सेलवर एजन्सीची बिलं निघाली तेव्हा कुणाला बिगिनर दिसला नाही. पगार वाढवायचा म्हटलं की धंदा मंदा, शिकायचं म्हटलं की पुढं व्हा.

काकांना सरांनी थेट मधल्या बॅचला बसायला सांगितलं, फी माफ. काका म्हणाले, धारांच्या टायमाला जमायचं नाही.

आज सकाळी क्लासातून फोन. "सर, तुमची फी बाकी आहे." म्हटलं परवाच भरली, पावती आहे. बाई म्हणाल्या, थांबा हं बघते. मग बराच वेळ माऊसची टकटक.

"सर, तुमचं नाव दोनदा आलंय. एकदा आडनाव आधी, एकदा नंतर. एकावर भरलेली दिसतीय, एकावर बाकी."

मी विचारलं, कशात ठेवता हो तुम्ही हे सगळं?

"एक्सेलमध्ये," म्हणाल्या. "का ओ?"